कोकणकड्यावरचे दोन वारे: हरिश्चंद्रगड एका दिवसात कसा करावा

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दोन वारे असतात. एक सगळ्यांना ठाऊक आहे. तो कोकणातून येतो, कड्याच्या आत वळलेल्या भिंतीवर आदळतो आणि दुसरीकडे जायला जागा नसल्यामुळे सरळ वर उसळतो. गवताचं पातं खाली सोडलं तर तो ते परत तुमच्या डोक्यावरून भिरकावतो. पावसाळ्यात कड्यावरून पडणाऱ्या पाण्याचीही हीच गत होते, धार खाली जायच्या ऐवजी वर उडते. या वाऱ्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील.

दुसरा वारा कुणी दाखवत नाही. तो पाठीमागून येतो. हिवाळ्यातल्या पहाटे आणि सकाळी घाटमाथ्यावरून कोकणाकडे थंड वारा वाहत असतो आणि तुम्ही कड्याकडे तोंड करून उभे असता तेव्हा तो तुम्हाला दरीच्या दिशेनं ढकलत असतो. जोर कमी असतो, म्हणून लक्षात येत नाही. कोकणातून येणारा वारा तुम्हाला मागे रेटतो, त्यामुळे तो कितीही राक्षसी वाटला तरी तुमच्या बाजूचा असतो. पाठचा वारा तसा नाही. गड एका दिवसात करायचा तर वेळापत्रकापासून कपड्यांपर्यंत बरंचसं या दोन वाऱ्यांवरूनच ठरवावं लागतं. खालची वाट मी खिरेश्वरची सांगतोय, कारण एका दिवसाच्या कष्टाचं खरं मोल याच वाटेवर मिळतं.

वाट कोणती आणि का

गडावर जायच्या मळलेल्या वाटा मुख्यतः दोन. अकोले तालुक्यातल्या पाचनईहून दीड-दोन तासांत मंदिरापाशी पोचता येतं. पहिल्यांदाच जाणारे, लहान मुलं किंवा साठीच्या पुढचे आई-वडील सोबत असतील तर खुशाल तिकडून जा. दुसरी जुन्नर तालुक्यातल्या खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे. तिला मंदिरापर्यंतच साडेतीन ते चार तास लागतात, मध्ये कातळाचा टप्पा आहे आणि त्यानंतर संपता संपत नाहीत अशा टेकड्या. कोकणातल्या बेलपाड्याहून चढणारी नळीची वाट आणि साधले घाट ही वेगळी प्रकरणं. नळीची वाट दोर आणि जाणकार माणूस यांच्याशिवाय करायची नाही आणि एका दिवसात तर मुळीच नाही.

खिरेश्वरहून कड्यापर्यंतची चढाई साधारण 700 मीटरची. आकडा ऐकून सिंहगड दोनदा चढणारा हसेल. पण सिंहगड एकदा चढला की चढला. इथे वर पोचल्यावर पुन्हा उतरावं, पुन्हा चढावं लागतं, आणि परतताना त्याच टेकड्या दमलेल्या पायांनी मोजाव्या लागतात. स्वतःची परीक्षा घ्यायची असेल तर आधीच्या महिन्यात एका सकाळी आतकरवाडीतून सिंहगड चढा, उतरा आणि लगेच परत चढा. दुसऱ्या उतरणीला गुडघे कुरकुरले नाहीत तर तुम्ही तयार आहात.

महिना निवडताना

जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका असं सांगितलं की लोक नाराज होतात. पण भर पावसात कोकणकड्यावर पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसत नाही, कातळटप्पा शेवाळलेला असतो, पठारावर वाट हरवते आणि माळशेज घाटात दरड कोसळून रस्ताच बंद झाला तर घरी परतण्याचे वांधे होतात. वारा तर इतका की बोललेलं शेजारच्याला ऐकू येत नाही.

सप्टेंबरची अखेर ते ऑक्टोबर हा माझ्या मते सर्वांत चांगला काळ. सोनकीनं पठार पिवळं झालेलं असतं, ओढ्यांना पाणी असतं आणि सकाळी दरीत ढग साचण्याची शक्यता बरीच असते. त्या ढगांचं महत्त्व पुढे येईलच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा स्वच्छ, दूरचं दिसतं, पण सकाळी पाठचा वारा आणि बोचरी थंडी. मार्चनंतर पाण्याची पंचाईत आणि टेकड्यांवर सावली नाही.

आदल्या रात्रीच पोचा

एका दिवसाचा ट्रेक म्हणजे घरातून निघून घरी परत, असं समजू नका. चढाई-उतराई एका दिवसाची, पण झोप खिरेश्वरात. पुण्याहून नारायणगाव, आळेफाटा, ओतूर करत आणि मुंबईहून कल्याण, मुरबाड, माळशेज घाट करत खुबी फाट्याला यायचं. कल्याण-आळेफाटा मार्गावरच्या एसट्या फाट्यावर थांबतात. तिथून पिंपळगाव जोगे धरणाच्या कडेनं खिरेश्वर साधारण 5 किलोमीटर. मुंबईहून शुक्रवारी रात्री निघून पहाटे 4 वाजता पोचणारे आणि तसेच चढायला लागणारे गट दर आठवड्याला दिसतात. न झोपलेल्या माणसाचा तोल वाऱ्यात सगळ्यात आधी जातो, एवढं ध्यानात ठेवा.

गावात घरगुती राहण्या-जेवणाची सोय होते. रात्री पिठलं-भाकरी खाताना घरच्या मंडळींना दोन गोष्टी जरूर विचारा: "मावशी, दोन-तीन दिवसांत वर वारा कसा होता?" आणि "वाटेवरचं कुठलं टाकं प्यायच्या पाण्याचं?" या उत्तरांची सर मोबाइलवरच्या अंदाजाला येत नाही. गावातला वाटाड्या सोबत घेणार असाल तर तेही रात्रीच ठरवून टाका. पहिल्या खेपेला तो घ्यावाच. ऐपत नाही असं नसतं, आपल्याला कमीपणा वाटतो एवढंच. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे वनखात्याचे त्या वेळचे नियमही गावातच कळतात.

पाठीवर काय, अंगावर काय

वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणजे ताशी 20 किलोमीटरचा वारा 40 झाला की धक्का दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणून अंगावर फडफडणारं काहीही नको. पोंचो तर अजिबात नको, ते शीड आहे. एका मित्राचा पोंचो पठारावर फुगला आणि तो तीन पावलं आपोआप पळाला. आम्ही पोट धरून हसलो, कारण पुढे नुसतं गवत होतं. कड्यापाशी ते हसू आलं नसतं. छत्रीबद्दल बोलायलाच नको.

अंगासरशी बसणारं विंडचीटर, आत घाम सुकवणारा टीशर्ट आणि सॅकमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कोरडा सदरा. हा सदरा वर पोचल्यावर बदलायचा. घामानं भिजलेल्या पाठीवर वारा लागला की ऑक्टोबरातही हुडहुडी भरते. डोक्याला कानटोपी किंवा घट्ट बांधलेला रुमाल. कडक कडांची टोपी वारा पहिल्याच झटक्यात नेतो आणि माणूस ती पकडायला नकळत पाऊल टाकतो, भीती त्या पावलाची. ओढणी, मफलर, कॅमेऱ्याचा लोंबता पट्टा, सगळं आत खोचलेलं असावं. सॅकचं पावसाळी आवरण कोरड्या हवेत काढून आत ठेवा, तेही फुगतं.

बुटांचा तळ खाचेदार हवा. माणशी 3 लिटर पाणी, मीठ-साखर किंवा ओआरएसच्या दोन पुड्या, डोक्याला लावायची विजेरी, शिट्टी, क्रेप बँडेज. खायला चिक्की, खजूर, गूळ-शेंगदाणे असं एका हातानं खाता येणारं. शनिवार-रविवारी वर चहा-भजी आणि जेवण मिळतं, पण आडवारी त्याच्या भरवशावर राहू नका. अत्तर किंवा सुवासिक फवारा लावून येऊ नका: कड्याला आग्या मोहोळं असतात, आणि त्याच कारणासाठी धूर-धुम्रपानही नको.

पहाटे 5 ते तोलार खिंड

गाव सोडताना नागेश्वराचं देऊळ लागतं. छतावरचं कोरीवकाम बघण्यासारखं आहे, पण अंधारात दिसणार नाही, परतीसाठी राखून ठेवा. पहिला टप्पा जंगलातून खिंडीपर्यंत, सव्वा तास. इथे वारा नसतो, उलट घुसमटतं. मुद्दाम सावकाश चाला. बोलता येईल इतकाच दम लागला पाहिजे. बोलणं तुटायला लागलं की वेग जास्त झाला.

उजाडता उजाडता तोलार खिंडीत पोचता. खिंडीत दगडात कोरलेलं वाघाचं शिल्प आहे. आणि इथेच दिवसातली वाऱ्याची पहिली थाप बसते. दोन डोंगरांच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून हवेला घुसावं लागतं, म्हणून खिंडीत वारा नेहमीच पठारापेक्षा जोरात वाटतो. त्यामुळे खिंडीत वारा आहे म्हणून घाबरून परत फिरू नका. खिंडीपासून शंभर-दीडशे पावलं पुढे गेल्यावर काय होतं ते पाहा. तिथेही तितकाच असेल तर मात्र कड्यावर काय असेल याचा अंदाज बांधा. खिंडीत घाम पुसायला, फोटो काढायला बसू नका, आडोसा गाठून मग थांबा. सरळ पलीकडे उतरणारी वाट कोथळ्याला जाते. आपली वाट डावीकडे, कातळावर.

कातळटप्पा

खोबण्या आहेत, लोखंडी कठडेही बसवलेले आहेत. कोरड्या दिवसात अवघड नाही, पण उघडा आहे आणि एका बाजूला खोली आहे. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन कायम टेकलेले, हलवायचा एकच. कठड्याला धरा, पण पूर्ण भार टाकण्याआधी हलवून बघा. ऊन-पावसात उभ्या असलेल्या लोखंडावर आंधळा विश्वास ठेवू नये. वाऱ्याचा झोत आला की चढणं थांबवा, कातळाला पोट टेकवा, झोत जाऊ द्या. झोत फार वेळ टिकत नाही. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात, झोत आला की घाईनं वर सुटतात. दोघांमध्ये दहा-बारा फूट अंतर ठेवा, खालच्याच्या डोक्यावर दगड सुटू नये.

सात टेकड्या आणि चकवा

कातळ संपला की वाटतं झालं. झालेलं काहीच नसतं. इथून मंदिर दीड-दोन तास. एक वाट सरळ बालेकिल्ल्याकडे चढते, दुसरी जंगलातून, टेकड्यांवरून मंदिराकडे जाते. आपल्याला दुसरी हवी. लोक सात टेकड्या म्हणतात. मी दर वेळी मोजायला सुरुवात करतो आणि चौथीनंतर सोडून देतो.

माणसं चुकतात ती इथेच, विशेषतः ढग उतरल्यावर. दगडांवर रंगवलेले बाण आहेत. नियम साधा: पुढचा बाण दिसेपर्यंत मागचा नजरेआड होऊ द्यायचा नाही. दहा मिनिटं बाण दिसला नाही तर पुढे शोधायचं नाही, शेवटच्या बाणापर्यंत मागे यायचं. ओढ्याच्या पात्रानं खाली उतरायचा मोह सगळ्यांना होतो, आणि सह्याद्रीत ओढा शेवटी कड्यावरून उडी मारतो. वाटेचा नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा, वर रेंजचा भरवसा नाही.

मंदिर ओलांडून पुढे

9 वाजण्याच्या सुमारास हरिश्चंद्रेश्वराचं शिखर दिसतं. इथे बसायचं नाही. हे सांगणं सोपं आणि पाळणं कठीण, कारण समोर देऊळ, शेजारी पुष्करणी आणि चहाची किटली. दहा मिनिटं पाणी, कोरडा सदरा, आणि सरळ पश्चिमेला, कड्याकडे. अर्धा-पाऊण तास.

ही घाई कशासाठी? इंद्रवज्रासाठी. 1835 मध्ये कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं कोकणकड्यावरून गोल इंद्रधनुष्य पाहिल्याची नोंद आहे. ते दिसायला दोन गोष्टी जुळाव्या लागतात: सूर्य तुमच्या पाठीमागे आणि समोर, खाली, दरीत ढग. तुमची सावली ढगावर पडते आणि तिच्याभोवती रंगांचं कडं उमटतं. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे सूर्य पाठीशी फक्त सकाळीच. पाचनईहून आरामात निघून 12 वाजता कड्यावर येणाऱ्यांना ते दिसत नाही, आणि सूर्यास्तासाठी थांबणाऱ्यांना तर शक्यच नाही. दिसेलच अशी हमी मीही देत नाही. पाच खेपांत मला एकदाच दिसलं, जेमतेम चार मिनिटं.

कड्याच्या काठावर

काठापासून वीस पावलं आधी थांबा. सॅक उतरवा आणि दगडाच्या आडोशाला ठेवा. पाठीवरची सॅक वाऱ्याला जास्त अंग देते आणि तोल वर खेचते. मग वाळकं गवत चुरून खांद्याच्या उंचीवरून सोडा. ते तुमच्या तोंडावर आलं तर वारा कोकणाचा आहे. दरीकडे गेलं तर तो पाठीमागचा आहे आणि आज काठाजवळ उभं राहायचं नाही, अजिबात. गवत एकदा इकडे, एकदा तिकडे जात असेल तर तो सगळ्यात वाईट प्रकार, कारण त्या वाऱ्याला तुम्ही अंग देऊ शकत नाही.

पुढचं सगळं जमिनीलगत. शेवटचे दहा-बारा फूट गुडघ्यांवर, मग पालथं झोपून कोपरांवर सरकत. कड्याचा माथा पुढे आलेला, खालचा भाग आत गेलेला आहे, नागाच्या फण्यासारखा. त्यामुळे उभं राहून वाकलं तरी भिंत नीट दिसत नाही. झोपून डोकं बाहेर काढलं की मग दिसते. एका वेळी एकानं जावं, दुसऱ्यानं मागे बसून त्याचे घोटे धरावेत. फोनला दोरी, दोरी मनगटाला. हातून काही सुटलं तर ते गेलं असं समजा, झेप घ्यायची नाही.

कोकणातून येणारा वारा इतका भरीव असतो की त्याच्यावर रेलून फोटो काढायचा मोह होतो. वारा श्वास घेतो. मध्येच अर्धा सेकंद थांबतो आणि तेव्हा रेललेला माणूस पुढे जातो. दगड खाली टाकून प्रतिध्वनी ऐकणाऱ्यांना तर मी सरळ दटावतो: खाली नळीच्या वाटेनं माणसं चढत असतात. प्लास्टिकची बाटली टाकून ती परत येते का हे बघणाऱ्यांबद्दल जे वाटतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि आता बघा. पायाखाली अर्धवर्तुळाकार, काळी, आडव्या थरांची भिंत. तळाशी बेलपाड्याची घरं, भाताची खाचरं. स्वच्छ दिवशी दक्षिणेकडे नाणेघाट आणि जीवधन, समोर कोकणात उतरत गेलेल्या डोंगररांगा. वाऱ्यावर ससाणे पंख न हलवता तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर टांगलेले असतात. इथे तास-दीड तास द्या. त्यासाठीच पहाटे उठला होतात.

परतीचं गणित

दिवस कड्यापासून उलटा मोजायचा. डिसेंबरात सूर्य 6 च्या आसपास मावळतो. कातळटप्पा उजेडात आणि पाय शाबूत असताना उतरायचा, म्हणजे 3 वाजेपर्यंत तिथे पोचलं पाहिजे. म्हणजे मंदिर 1 ला सोडायचं, म्हणजे कडा 11 ला. कितीही उशिरा पोचलात तरी ही वेळ बदलायची नाही, उशीर कड्यावरच्या वेळातून कापायचा.

मंदिरापाशी आता निवांत दीड तास मिळतो. आधी पुष्करणी आणि तिच्या कोनाड्यांची रांग बघा. मग केदारेश्वराची गुहा: कमरेएवढ्या बर्फगार पाण्यात मोठं शिवलिंग, भोवती चार खांबांपैकी एकच उरलेला. चार खांब म्हणजे चार युगं आणि हा शेवटचा पडला की कलियुग संपणार, अशी समजूत आहे. त्याला टेकून कुणी फोटो काढू नये, एवढी काळजी घेतली तरी पुरे. पाण्यात उतरायचं ते जेवणाआधी, आणि कोरडे कपडे शिल्लक असतील तरच. चांगदेवांनी ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ इथेच, शके 1234 मध्ये म्हणजे 1312 साली पूर्ण केला. मंदिराचं कोरीवकाम उन्हाच्या तिरप्या उजेडात जास्त उठून दिसतं, पण तेवढ्यासाठी मुक्कामच करावा लागेल.

तारामती शिखर मंदिराच्या मागे उभं असतं, 1429 मीटर. वर जाऊन यायला तास-सव्वा तास. सकाळचं वेळापत्रक तंतोतंत पाळलं असेल आणि गटातलं कुणीही लंगडत नसेल तरच जा. माथ्यावर आडोसा नाही, म्हणून वारा कड्याइतकाच, पण चारी बाजूंनी.

उतरताना कातळटप्प्याच्या तीव्र जागी तोंड कातळाकडे, पाठ दरीकडे. बसून घसरत येऊ नका, घसरण कुठे थांबेल हे तुम्ही ठरवत नसता. पाऊस आला, ढग उतरले किंवा कुणाचा गुडघा गेला तर तोलार खिंडीचा हट्ट सोडून सरळ पाचनईला उतरा. गाडी डोंगराच्या दुसऱ्या बाजूला राहते आणि जीप ठरवून लांबचा वळसा घेत खिरेश्वरला यावं लागतं. खिशाला चाट बसते, बाकी काही नाही. गंभीर दुखापत असेल तर माणसाला हलवायची घाई न करता आहे तिथेच वाऱ्यापासून आडोसा करा, उबेत ठेवा, रेंज मिळेल तिथून 112 लावा आणि एकाला वरच्या हॉटेलवाल्यांकडे किंवा खाली गावात धाडा. गावकऱ्यांना हा डोंगर पाठ आहे.

सगळं ठीक झालं तर साडेचारच्या आत खिरेश्वर. आता नागेश्वराचं छत बघायला उजेड असतो. ज्या घरी रात्री उतरलात तिथे परत चहा सांगा आणि वर वारा कसा होता ते मावशींना सांगून जा. रात्री मुक्कामाला येणारा पुढचा गट त्यांना तेच विचारणार असतो.